मदत हवी आहे: १९४३-४४ च्या मुंबईतले धान्याचे खरे भाव कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. पेशाने मी आर्थिक सल्लागार, राहायला मुलुंडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मुंबई हे जुनं वेड. सध्या एकाच प्रश्नावर अडलोय: मे १९४३ मध्ये शहरात रेशनिंग सुरू झालं, पुढे १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट होऊन आसपासची धान्याची गोदामंही जळाली, त्यानंतरच्या आठवड्यांत तांदूळ-ज्वारीचा खुल्या बाजारातला भाव किती चढला?

मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट' या मासिकाचे जुने अंक चाळून झालेत. त्यात गिरणी कामगारांचा राहणीखर्चाचा निर्देशांक दर महिन्याला मिळतो, पण सरकारी आकड्यांत काळाबाजार येणार तरी कसा? रिझर्व्ह बँकेचे त्या काळचे अहवालही पाहिले. तिथे घाऊक भाव आहेत, तेही देशपातळीवरचे. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातली वर्तमानपत्रं पुढच्या यादीत आहेतच, त्यामुळे तो सल्ला नको.

मला हव्यात दाणाबंदर, मशीदबंदर भागातल्या व्यापाऱ्यांच्या रोजमेळाच्या (रोजच्या जमाखर्चाच्या) वह्या, नाहीतर एखाद्या घरातली किराण्याची हिशेबवही. 'तांदूळ, पायली, इतके आणे' एवढी नोंद आणि तारीख असली तरी पुरे. वही घराबाहेर नेणार नाही, फक्त पानांचे फोटो काढेन, नाव कुठेही छापणार नाही. शनिवारी-रविवारी मुंबईत कुठेही येऊ शकतो. मोडी वाचता येते, गुजराती वह्यांपुढे मात्र हात टेकतो.

तर अशा वह्या कोणाच्या घरी किंवा पेढीवर आहेत का, आणि जुनं गुजराती हस्ताक्षर वाचून देणारं कोणी ओळखीचं आहे का?