कंट्रोलर हलवणं म्हणजे फ्रिज हलवणं नव्हे!

खारट_माणूस
परवा खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीबद्दल एका सदस्याने लिहिलं: "दोनशे लिटरवरून साडेचारशेवर गेलो. कंट्रोलर उचलला, प्रोब नव्या सम्पमध्ये (टाकीखालच्या हौदात) सोडले, प्रोग्राम जसाच्या तसा. दहा मिनिटांचं काम, लोक उगाच बाऊ करतात." त्याला पंधरा अंगठे. पंधरा! म्हणून हा धागा.

कंट्रोलर म्हणजे प्रोब वाचून हीटर, पंप चालू-बंद करणारा डबा. त्याला टाकी दिसत नाही हो. त्याला प्रोब दिसतो. प्रोब जिथे असेल ते त्याच्या लेखी पाणी. डिसेंबरातली पुण्याची रात्र, साडेअकरा वाजलेले, मी टाकी बदलत होतो. हीटर नव्या टाकीत गेला आणि टेंपरेचरचा प्रोब ओट्यावर राहिला. खोलीत १९ अंश. कंट्रोलर बिचारा प्रामाणिक, २५ च्या खाली म्हणजे हीटर चालू. रात्रभर चालू. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट मी "कंट्रोलर आहे की" म्हणून पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलेला. सकाळी पाणी ३४. चार वर्षांची क्लाउन माशांची जोडी होती. मादी आधी गेली, नर संध्याकाळी. दोष यंत्राचा नाही, माझाच. पण "दहा मिनिटांचं काम" वाचलं की तो ओटा डोळ्यासमोर येतो.

प्रोग्राममध्ये जुनी टाकी लिहिलेली असते. टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी भरून काढणारा) पंप जास्तीत जास्त किती मिनिटं चालू द्यायचा, रिटर्न (सम्पचं पाणी वर टाकीत नेणारा पंप) बंद केल्यावर सम्प किती भरतो, सगळी मापं जुनी. पाटी कोरी करा आणि पहिल्यापासून लिहा.

साडेचारशे_लिटर
तो सदस्य मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

तुमचे मासे प्रोग्राममुळे गेले नाहीत, ओट्यामुळे गेले. कोरी पाटी घेतली असतीत तरी प्रोब ओट्यावरच होता ना? माझ्या प्रोग्रामची प्रत्येक ओळ तीन वर्षांत एकेका चुकीची किंमत मोजून आलेली आहे. लाइट आल्यावर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) पाच मिनिटं थांबूनच सुरू होतो, कारण एकदा कंप्रेसर लागोपाठ चालू-बंद होऊन बसला. ते सगळं पुसू? आणि कोरी पाटी घेणारा माणूस रात्री एक वाजता "पेक्षा कमी"च्या जागी "पेक्षा जास्त" लिहितो. मग काय करणार?

दुबईचा_रीफर
दोघंही हीटरवर अडलात. खरा घोळ डोसिंगमध्ये, म्हणजे कोरलसाठी (प्रवाळांसाठी) पाण्यात रोज मोजून क्षार सोडण्यात होतो. टाकी सव्वादोन पट झाली म्हणून मी अल्कलिनिटीचा (कोरलला सांगाड्यासाठी लागणाऱ्या कार्बोनेटचा) डोसही सव्वादोन पट केला. कोरल तेच! जुन्या २०० लिटरमध्ये दिवसाला १ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) खात होते, ४५० मध्ये तेच कोरल ०.४४ खाणार. खातं कोरल, पाणी नाही. रोज अर्ध्या डीकेएचहून जास्त वर चढत गेलं, आठवड्यात ८ चं जवळजवळ १२. अ‍ॅक्रोपोरा या कठीण कोरलची टोकं पांढरी पडली तेव्हा डोकं चाललं. म्हणजे इथे प्रोग्राम जसाच्या तसा ठेवणारा जिंकला असता. साडेचारशे साहेब, हा एक गुण घ्या.

कायदा_पाळा
अ‍ॅक्रोपोरा? कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, माहीत आहे ना?

दुबईचा_रीफर
आयडी वाचा.

जुना_मत्स्यप्रेमी
मुळात हवाय कशाला कंट्रोलर? तारापोरवाला मत्स्यालय १९५१ ला उघडलं, तेव्हा कोणता प्रोब होता? टाकीसमोर रोज दहा मिनिटं बसा, मासा स्वतः सांगतो.

खारट_माणूस
काका, तिथे पगारी माणसं होती. मी नऊ ते आठ हिंजवडीत असतो. मासा सांगेल, पण कोणाला?

नवी_मुंबईकर
मध्येच विचारते, रागावू नका. गेल्या आठवड्यात मीही टाकी बदलली. पीएच प्रोब हलवताना पाण्यात हात घातला तर बोटांना मुंग्या आल्या. खाऱ्या पाण्यात एवढं चालतं का?

वायरमन_नाही_पण
ताई, आधी मेन स्विच बंद करा आणि मग पुढचं वाचा. चालत नाही! हीटरला तडा किंवा पंपाचं सील गेलेलं असणार. बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आहे का? ३० मिलिअँपिअरचा? एमसीबी नव्हे. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही.

साडेचारशे_लिटर
टायटॅनियमचा ग्राउंड प्रोब (पाणी अर्थिंगला जोडणारी कांडी) टाका, मुंग्या थांबतील. माझ्याकडे पाच वर्षं आहे.

वायरमन_नाही_पण
असले सल्ले देऊन माणसं मारता तुम्ही. आरसीसीबी नसताना ग्राउंड प्रोब म्हणजे गळतीला कायमचा रस्ता. मुंग्या कमी होतात, बिघाड तसाच राहतो. आरसीसीबी असेल तर प्रोब टाका, गळती सुरू झाली की तो लगेच पडेल. आणि हे सगळं अर्थिंग असेल तर. किती जणांनी तपासलंय?

साडेचारशे_लिटर
"माणसं मारता" ही भाषा नको. तीन पिनांचं सॉकेट आहे, म्हणजे अर्थिंग आहेच. सोसायटी १९९८ ची आहे, चाळ नाही.

जुना_मत्स्यप्रेमी
चाळीत काय वाईट होतं? आमच्या गिरगावच्या चाळीत तीस वर्षं टाकी होती, कोणाला शॉक लागला नाही.

वायरमन_नाही_पण
काका, गोडं पाणी, एक एअर पंप आणि लाकडी स्टूल. तुलना करू नका.

तिसरं भोक दिसलं म्हणजे मागे वायर आहे असं नाही. माझ्या आधीच्या भाड्याच्या घरात इलेक्ट्रिशियनने अर्थची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून ठेवली होती. फेज आणि अर्थमध्ये बल्ब धरला की झक्क लागायचा, आम्ही खूश. न्यूट्रल बाहेर कुठे तुटला असता तर टाकीच काय, फ्रिजचं दारसुद्धा जिवंत झालं असतं. म्हणून बल्ब नाही लागला तर अर्थिंग नाही हे नक्की, पण लागला तर आहे असं नाही. सॉकेट उघडून बघावं लागतं, आणि तेही ज्याला कळतं त्याने.

नवी_मुंबईकर
आरसीसीबी नाहीये. एक्स्टेंशन बोर्ड सम्पच्या कपाटात खाली आहे, त्यावर मिठाची पांढरी साय जमलीय. आता फोटो काढताना दिसली. सगळं बंद केलंय, बॅटरीचा एअर पंप लावलाय.

खारट_माणूस
बोर्ड वर घ्या, प्रत्येक वायर बोर्डाखाली झोळ देऊन मग वर जाऊ दे. बाकी धागा कंट्रोलरचा होता हे कोणाला आठवतंय का?

दुबईचा_रीफर
आठवतंय. अ‍ॅपेक्स कंट्रोलरमध्ये प्रत्येक आउटलेटला फॉलबॅक असतो, कंट्रोलरशी बोलणं तुटलं तर आउटलेटने चालू राहायचं की बंद. हीटर बंद, रिटर्न चालू. माझं मत विचाराल तर प्रोग्राम न्या, पण सगळी आउटलेटं हाताने बंद करून. मग एकेक सुरू करा, हीटर सगळ्यात शेवटी. पीएच प्रोब तोवर टाकीच्याच पाण्याच्या कपात, आरओच्या नाही, आणि लावताना ७ आणि १० वर कॅलिब्रेट.

साडेचारशे_लिटर
म्हणजे जसाच्या तसा. मी हेच म्हणत होतो.

खारट_माणूस
तुम्ही दहा मिनिटं म्हणत होतात. यात अख्खा रविवार जातो. पण बरं, पाटी पुसू नका. एवढं मान्य. मापं तरी बदला.

साडेचारशे_लिटर
टॉप-ऑफची वेळ बदलली काल रात्री. सांगणार नव्हतो.

आणि हो, मघाशी आमच्या वायरमनला बोलावून सॉकेट उघडलं. तिसऱ्या पिनेला वायरच नाही. १९९८ ची सोसायटी. वायरमन_नाही_पण यांनी यावर काही बोलू नये ही विनंती. नवी वायर ओढायला तो गुरुवारी येतोय.

वायरमन_नाही_पण
काही बोलत नाही. फक्त पुण्यात असाल तर गुरुवारी लाइट असते का ते बघा.