मदत हवी आहे: १९४७ची बंगाल फाळणी, खुलना आणि ठाणेवार नकाशा

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात बंगालच्या फाळणीवर बोलायचं कबूल करून बसलोय. १९०५ची नव्हे, १९४७ची. लोक हमखास गल्लत करतात.

सीमा आखणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष रॅडक्लिफ साहेब ८ जुलैला भारतात आले आणि त्यांचा सीमेचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला. म्हणजे स्वातंत्र्य आधी, सीमा मागाहून! मधल्या दिवसांत मुर्शिदाबादेत पाकिस्तानचं निशाण होतं, खुलन्यात तिरंगा. निवाड्यानंतर नेमकं उलट. मुस्लिम बहुसंख्य मुर्शिदाबाद भारतात, हिंदूंचं निसटतं बहुमत असलेलं खुलना पूर्व पाकिस्तानात.

मुर्शिदाबादचं कारण पटतं. गंगेतून भागीरथी तिथेच फुटते आणि तेच पाणी पुढे हुगळी होऊन कोलकाता बंदराला पोचतं. पण खुलन्याचं काय? 'मुर्शिदाबादची भरपाई म्हणून पाकिस्तानला दिलं' हे उत्तर जो तो देतो, मला ते फार सोयीचं वाटतं. मूळ निवाड्यात असं काही म्हटलंय, की हा नंतर जोडलेला तर्क? कुणी वाचला असेल तर सांगा.

दुसरं, ठाणेवार, म्हणजे पोलीस ठाण्यांच्या हद्दी दाखवणारा, नकाशा हवाय. जिल्ह्यांचे ढीगभर मिळतात, पण जेसोर जिल्ह्यातली बनगाव आणि गायघाटा ही दोनच ठाणी भारतात आली, हे त्यांत दिसतच नाही.

आणि हो, गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली निर्वासितांची गावं आहेत. तिकडचं कुणी इथे असेल, तर घरातल्या जुन्या माणसांशी फोनवर बोलता येईल का?