नवा राष्ट्राध्यक्ष आणि पहिली मध्यावधी: विरोधकांनी हात द्यावा की अडवून धरावं?

पार्सिपनीकर

आधी एक खुलासा. आपल्याकडे मध्यावधी म्हटलं की सरकार पडलं असंच वाटतं. अमेरिकेत मध्यावधी ठरलेलीच असते. राष्ट्राध्यक्षांची चार वर्षांची मुदत निम्मी झाली की नोव्हेंबरात संसदेच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागांसाठी मतदान होतं. म्हणजे नवा राष्ट्राध्यक्ष २० जानेवारीला शपथ घेतो आणि विरोधी पक्षाच्या हातात पुरते बावीस महिनेही उरत नाहीत. ते कसे वापरायचे, यावर मला बोलायचं आहे.

माझं मत २०१८ मध्ये, ट्रम्प यांच्या पहिल्या मध्यावधीत बनलं, डेमोक्रॅटांच्या प्रचारासाठी लोकांच्या दारात उभं राहून. मी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत राहतो. आमच्या मतदारसंघाचे (११ वा) खासदार रॉडनी फ्रीलिंगहायझन १९९५ पासून प्रतिनिधीगृहात होते. वजनदार रिपब्लिकन नेते, खर्चाच्या समितीचे अध्यक्ष. ४ मे २०१७ रोजी ओबामांचा आरोग्यविमा कायदा मोडीत काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहात २१७ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर झालं. त्या २१७ मध्ये ते होते, आणि एकही डेमोक्रॅट नव्हता. पुढे डिसेंबरात करकपातीचा कायदा आला. त्यात राज्याचा आणि घरपट्टीचा मिळून १०,००० डॉलरपर्यंतच भरणा केंद्राचा कर ठरवताना उत्पन्नातून वजा करता येईल, अशी मर्यादा घातली. फ्रीलिंगहायझन यांनी त्याला विरोध केला, पण आमच्याकडे घरपट्टीच इतकी की ही मर्यादा घरोघर झोंबली.

आम्ही दारोदार फिरायचो तेव्हा आमच्या गटप्रमुख बाईंची एकच ताकीद होती. ट्रम्प हे नाव आपल्या तोंडून आधी येता कामा नये. 'तुमचा विमा कसा चाललाय?' एवढंच विचारायचं आणि मग ऐकायचं. एका सत्तरीच्या गृहस्थांनी दार अर्धंच उघडलं. जन्मभर रिपब्लिकन पक्षाला मत दिलं, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग आत गेले, फ्रिजवर चुंबकाने लावलेलं घरपट्टीचं बिल घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं. पत्नीला मधुमेह, विमा कंपनी उद्या नाकारेल ही धास्ती. वीस मिनिटं बोलत होते. त्या वीस मिनिटांत राष्ट्राध्यक्षांचा विषय निघाला नाही. फ्रीलिंगहायझन यांनी निवृत्ती जाहीर केली होती आणि ती जागा नौदलात हेलिकॉप्टर चालवलेल्या मिकी शेरिल यांनी जिंकली. न्यू जर्सीतल्या १२ पैकी ११ जागा डेमोक्रॅटांकडे आल्या. देशभरात त्यांच्या ४० जागा वाढल्या.

म्हणून माझं म्हणणं असं. घरावर घाला घालणाऱ्या विधेयकांना एकही मत देऊ नका. पण राष्ट्राध्यक्षांच्या नावाने बोटं मोडत फिरू नका. डिसेंबर २०१७ मध्ये डेमोक्रॅट खासदार अल ग्रीन यांनी ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा ठराव आणला, तेव्हा तो ३६४ विरुद्ध ५८ मतांनी बाजूला ठेवला गेला, बहुतेक डेमोक्रॅटांच्या मतांसह. प्रतिनिधीगृहातल्या डेमोक्रॅटांच्या नेत्या नॅन्सी पेलोसींनी तेव्हा आपल्या लोकांना आवरलं नसतं, तर आमच्या त्या आजोबांनी दार लावून घेतलं असतं.

खडकवासला

लेख मनापासून लिहिलाय, पण पार्सिपनीवरून देश ठरवू नका. खरा धडा २००९ चा आहे, ओबामा नवे राष्ट्राध्यक्ष होते तेव्हाचा.

आठवा, रिपब्लिकनांची काय अवस्था होती. राष्ट्राध्यक्षपद गेलं, दोन्ही सभागृहं गेली, वर्षभरात सिनेटमध्ये डेमोक्रॅट ६० वर पोचले. ६० म्हणजे फिलिबस्टरने, म्हणजे चर्चा लांबवत ठेवून, विधेयक अडवण्याची सोयही संपली. ओबामा लोकप्रियतेच्या शिखरावर. शहाणेसुरते सांगत होते, सहकार्य करा, नाहीतर नामशेष व्हाल. ओबामा स्वतः कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसद भवनात, त्यांना भेटायला गेले. तरी मंदीवरच्या ७८७ अब्ज डॉलरच्या मदत पॅकेजला प्रतिनिधीगृहात एकाही रिपब्लिकनाने मत दिलं नाही. आरोग्य कायद्याला शेवटच्या मतदानात दोन्ही सभागृहांत शून्य.

सिनेटमधले रिपब्लिकनांचे नेते मिच मॅकॉनेल यांचं गणित साधं होतं. आपल्या चार जणांची सही पडली की लोकांना वाटतं, हे सर्वांच्या संमतीचं काम आहे. सही पडलीच नाही तर बेकारी १० टक्क्यांवर गेल्यावर सगळं खापर एकाच पक्षावर. जानेवारी २०१० मध्ये डेमोक्रॅट टेड केनेडींची मॅसॅच्युसेट्सची सिनेटची जागा रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांनी घेतली, तेव्हाच वारं फिरल्याचं दिसलं. नोव्हेंबरात प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांच्या ६३ जागा वाढल्या. तुमच्या ४० पेक्षा २३ जास्त, आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षांचं नाव घ्यायला मुळीच संकोच केला नव्हता.

नागपूरकरीण

@खडकवासला, ६३ जागा खऱ्या. पण त्या वेळी महिन्याला लाखो माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. मदत पॅकेज चुकीचं वाटलं म्हणून विरोध केला असता तर मान्य. सही पडू द्यायची नाही म्हणून विरोध करणं म्हणजे लोकांचं घर जळत असताना पाण्याचा नळ कुणाच्या नावावर आहे ते बघणं. विरोधी पक्षालाही पगार जनताच देते.

आणि पुढचं का सांगत नाही? ओबामांच्या आरोग्य कायद्याबद्दल रिपब्लिकन सात वर्षं 'रद्द करू, रद्द करू' एवढंच बोलले. त्या जागी काय आणणार, हे कधी नीट ठरवलंच नाही. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष त्यांचा, दोन्ही सभागृहं त्यांची. तो कायदा रद्द करण्याच्या विधेयकावर २८ जुलैच्या पहाटे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन सिनेटच्या मधल्या जागेत आले, हात पुढे केला आणि अंगठा खाली केला. ५१ विरुद्ध ४९, विधेयक पडलं. सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या दोघी रिपब्लिकन आधीच विरोधात होत्या. सात वर्षं नुसतं अडवलं की सत्ता आल्यावर हात रिकामे राहतात ते असे.

ज्या कार्यकर्त्यांना 'एक इंचही मागे हटू नका' असं शिकवलं, त्यांनीच मग पुढाऱ्यांना खाल्लं. २०१० मध्ये डेलावेअरची हमखास येणारी सिनेटची जागा घालवली, कारण मवाळ माइक कॅसल यांना पक्षांतर्गत निवडणुकीत पाडून क्रिस्टीन ओडॉनेल यांना उभं केलं. २०१३ मध्ये सरकार बंद पाडलं. जून २०१४ मध्ये प्रतिनिधीगृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर यांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी घरी बसवलं. २०१५ मध्ये सभापती जॉन बेनर कंटाळून गेले. वाघावर बसणं सोपं असतं हो, उतरायचं कसं ते सांगा.

जुना वाचक

दोघांचंही ऐकलं. माझा मुद्दा वेगळा आहे: विरोधकांच्या डावपेचांना आपण फार मोल देतोय. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मध्यावधी निवडणुकांत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाने प्रतिनिधीगृहात जागा वाढवल्या त्या फक्त दोनदा, १९९८ आणि २००२. एरवी गळती ठरलेली.

१९८१ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन आले. सभापती टिप ओनील डेमोक्रॅट होते. करकपात अडवणं त्यांच्या हातात होतं, पण लोकांनी निवडून दिलंय, मतदान होऊ द्या, अशी भूमिका त्यांनी घेतली. दक्षिणेतले बरेच डेमोक्रॅट रेगन यांच्या बाजूने गेले. पुढच्या वर्षी मंदी आली, बेकारी १० टक्क्यांवर गेली आणि डेमोक्रॅटांच्या २६ जागा वाढल्या. मतं देऊनही वाढल्या!

पार्सिपनीकर, तुमच्या शेजारच्या ७ व्या मतदारसंघाचं सांगा ना. तिथले रिपब्लिकन खासदार लेनर्ड लॅन्स यांनी विम्याच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं, करकपातीविरुद्धही दिलं. घरपट्टीवाल्यांसाठी आणखी काय करायला हवं होतं? तरी पडले, डेमोक्रॅट टॉम मॅलिनाउस्की आले. लोकांनी त्यांची मतं पाहिलीच नाहीत, पक्षाची पाटी पाहिली.

पार्सिपनीकर

@जुना वाचक, लॅन्स यांचा दाखला बिनतोड आहे. माणूस भला होता, मलाही वाईट वाटलं होतं. पण त्यातून निघतं ते माझ्याच बाजूचं. पक्षाची पाटी त्यांना भोवली, कारण त्या पाटीवर 'विमा काढून घेणारे' असं लिहिलं गेलं होतं. ते दीड वर्ष दारोदार फिरून लिहावं लागलं. आपोआप नाही लिहिलं गेलं.

२००२ चा अपवाद तुम्हीच काढलात, तर तोही बघू. ११ सप्टेंबरचा हल्ला झाला होता, देश राष्ट्राध्यक्षांच्या मागे होता, हे मान्य. पण विरोधकांनी काय केलं? २००१ च्या बुश यांच्या करकपातीला सिनेटमधल्या १२ डेमोक्रॅटांनी मत दिलं. जॉर्जियाचे मॅक्स क्लीलँड त्यातले एक. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेला माणूस. इराक युद्धालाही त्यांनी मत दिलं. तरी २००२ मध्ये त्यांच्याविरुद्धच्या जाहिरातीत ओसामा बिन लादेन आणि सद्दाम यांचे चेहरे दाखवले, आणि ते पडले. मत दिलं म्हणून ढाल मिळत नाही. हे लिहितानाही राग येतो.

डोंबिवली ते डेन्व्हर

इथे सगळे प्रतिनिधीगृहाबद्दलच बोलताय. २०१८ मध्ये त्याच डेमोक्रॅटांच्या सिनेटमधल्या दोन जागा कमी झाल्या, ते कुणी काढलंच नाही. नॉर्थ डकोटा, मिझुरी, इंडियाना, फ्लोरिडा अशा चार गेल्या आणि ॲरिझोना, नेव्हाडा या दोन आल्या. ट्रम्प यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या कॅव्हनॉ यांच्या न्यायाधीशपदाला नॉर्थ डकोटाच्या डेमोक्रॅट सिनेटर हायडी हाइटकॅम्प यांनी विरोध केला, पडल्या. वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट जो मॅन्चिन यांनी पाठिंबा दिला, टिकले.

एक फरक ध्यानात घ्या. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप झुगारला की आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. तिथे व्हिप मोडला म्हणून खासदारकी जात नाही. त्यामुळे 'पक्षाने काय करावं' या प्रश्नाला तिथे एकच उत्तर नसतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या माणसाला वेस्ट व्हर्जिनियात निवडून यायचं असतं.

खडकवासला

मग मॉन्टानाचे डेमोक्रॅट सिनेटर जॉन टेस्टर? ट्रम्प तिथे २० टक्क्यांनी जिंकले होते. टेस्टर यांनी कॅव्हनॉ यांच्या विरोधात मत दिलं आणि निवडून आले.

डोंबिवली ते डेन्व्हर

बरोबर, टेस्टर राहिलेच. पण ते शेतकरी, तिथलेच, लोक तीन पिढ्या ओळखतात. असा उमेदवार प्रत्येक राज्यात कुठून आणणार?

नागपूरकरीण

पार्सिपनीकर, एक सरळ विचारते. तुमचा नियम 'घरावर घाला घालणाऱ्या विधेयकांना मत नाही' असा आहे. मग २००९ चं मदत पॅकेज? ते घाला नव्हतं. तुम्ही तेव्हा रिपब्लिकन बाकावर असता तर?

पार्सिपनीकर

मत दिलं असतं. मेन राज्याच्या रिपब्लिकन सिनेटर ऑलिम्पिया स्नो आणि सुझन कॉलिन्स यांनी केलं तसं: बसले, भांडले, रक्कम ८०० अब्जांच्या आत आणायला लावली आणि मग मत दिलं. कॉलिन्स पुढे २०१४ मध्येही निवडून आल्या आणि २०२० मध्येही.

खडकवासला

आणि मत देणारे तिसरे, पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर? त्या मतानंतर पक्षातले मतदार इतके बिथरले की एप्रिलमध्ये त्यांनी पक्षच सोडला. पुढच्या वर्षी डेमोक्रॅटांच्या अंतर्गत निवडणुकीतही हरले. तीस वर्षांची सिनेटची कारकीर्द तिथेच संपली.

पार्सिपनीकर

ठाऊक आहे. तरीही दिलं असतं.