मदत हवी आहे : शाळेची वेळ पुढे नेल्याने पडणाऱ्या भाराचा हिशेब कसा मांडावा?

सर्वांना नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील एका खासगी शाळेचा पालक प्रतिनिधी आहे. पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये निघाला; आता पाचवीपासूनचे वर्गही सातऐवजी उशिरा भरवावेत, अशी काही पालकांची मागणी आहे. किशोरवयात झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये मोठ्या मुलांची शाळा साडेआठनंतर भरवण्याची शिफारस केली होती, हे मला मान्य आहे.

अडचण आहे ती गावाच्या दिनक्रमाची. कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील सकाळीच शेतात जातात, तेव्हा लहान भावंडाला शाळेत पोहोचवणारी मोठी बहीणच असते. एकाच इमारतीत दोन सत्रे चालत असल्याने दुपारचे सत्र सायंकाळी उशिरा सुटेल, आणि पासवर येणाऱ्या मुलींना त्यानंतर एसटी मिळणार नाही. शिवाय एप्रिलमधल्या आपल्या उन्हात भर दुपारी शाळा सोडणे मला तरी धोक्याचे वाटते. (मुले रात्री मोबाइल पाहत जागतात, हा आक्षेप बैठकीत हमखास येतो, पण तो वेगळा विषय आहे.)

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात कोणी असा बदल केला असल्यास एसटीच्या फेऱ्या बदलून घेण्यासाठी आगाराकडे अर्ज कोणाच्या सहीने दिला आणि रिक्षा-व्हॅनचा वाढीव खर्च कोणी उचलला, हे कृपया कळवावे.