मदत हवी आहे: कोंबडीच्या भ्रूणात रक्ताच्या मूळपेशी नेमक्या कुठे आणि कोणत्या तासाला दिसतात?

कलिना_बाक_तिसरं

एमएससी प्राणिशास्त्राचा प्रकल्प आहे. रक्ताच्या मूळपेशी (स्टेम सेल) भ्रूणात कुठे जन्मतात ते दाखवायचंय. उंदीर परवडत नाहीत, झेब्राफिशच्या टाक्या नाहीत, म्हणून कोंबडीची अंडी. आतापर्यंत केलेलं सगळं लिहितो, चूक कुठे आहे ते सांगा.

हॅचरीतून ३० फलित अंडी लोकलने आणली. मध्ये सुट्टी आल्याने दोन दिवस लॅबच्या ओट्यावर राहिली. मग इन्क्युबेटर ३८ अंश, आर्द्रता ६०%. ३६ तासांनी १० फोडली तर एकाचा पायपोस एकात नाही: तीन भ्रूण ६-७ सोमाइटचे (पाठीलगतचे ऊतीचे गोळे, त्यांच्या संख्येवरून वाढ कळते), पाच १२-१४ चे, दोन मेलेले. रक्तबेटं (पहिल्या रक्तपेशींचे ठिपके) काहींत दिसली, काहींत नाही. पुढची १० बरोबर ७२ तासांनी काढून लगेच फॉर्माल्डिहाइडमध्ये टाकली, पॅराफिन मेणातले काप, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचे रंग (केंद्रक निळं, पेशीरस गुलाबी). महाधमनीत पेशींचे पुंजके भरपूर आहेत. वर, खाली, मधोमध. मूळपेशी त्याच का? उरलेल्या दहांतून सातव्या दिवशी यकृत काढून मूळपेशी तिथे पोचल्याचं दाखवायचा बेत आहे.

शंकासुर

रक्तबेटं ३६ तासांत दिसतात ना? पहिलं रक्त तिथे, म्हणजे मूळपेशीही तिथेच. ७२ तासांपर्यंत कशाला जाताय?

धमनीचा_तळ

शंकासुर, हा समज जुना आहे आणि बरीच वर्षं पुस्तकांतही होता. पहिलं रक्त आणि मूळपेशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीतक कोशावरच्या (पिवळ्या बलकाभोवतीच्या पिशवीवरच्या) रक्तबेटांत ज्या लाल पेशी होतात त्या भ्रूणाची तातडीची गरज भागवणारी पहिली खेप. ती काही दिवसांनी संपते. जन्मभर रक्त पुरवणाऱ्या पेशी नंतर येतात आणि भ्रूणाच्या शरीरात येतात, महाधमनीच्या तळाशी.

हे सिद्ध झालं तेच मुळी अंड्यावर. १९७५ साली फ्रान्समध्ये फ्रान्स्वाझ दितर्लें-लिएव्र यांनी लाव्ह्याचं (क्वेल पक्ष्याचं) भ्रूण कोंबडीच्या पीतक कोशावर बसवलं. लाव्ह्याच्या पेशीचं केंद्रक रंगवलं की त्यातला गडद गोळा वेगळा ओळखू येतो, कोंबडीच्या केंद्रकात तो नसतो. सुरुवातीच्या रक्तात कोंबडीच्या पेशी सापडल्या, पण पुढचं कायमचं रक्त लाव्ह्याचं, म्हणजे भ्रूणाच्या शरीरातून आलेलं. पीतक कोशच सगळ्याचं मूळ असता तर उलट दिसलं असतं.

आता तळाशी काय होतं ते. महाधमनीच्या आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींपैकी काही, फक्त खालच्या बाजूच्या, फुगतात, गोल होतात, शेजारणींपासून सुटतात आणि रक्तनिर्मितीकडे वळतात. १९९८ साली कोंबडीतच हे दाखवलं गेलं: दुसऱ्या दिवशी, पुंजके दिसण्याआधी, हृदयातून चकाकणारा रंग लावलेलं लायपोप्रोटीन टोचलं. ते अस्तराच्या पेशींनी उचललं. तिसऱ्या दिवशी पुंजक्यांतल्या पेशी चकाकत होत्या आणि त्यांच्यावर रक्तपेशींची खूण सीडी४५ होती. म्हणजे पुंजका अस्तरातूनच आला. २०१० मध्ये झेब्राफिश आणि उंदराच्या महाधमनीत हेच जिवंत पेशीत घडताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलं.

या वळणाला रन्क्स१ हे जनुक लागतं. उंदरात ते अस्तराच्या टप्प्यावरच काढून टाकलं तर पुंजके होत नाहीत. पेशी रक्ताच्या झाल्यावर काढलं तर मूळपेशी तरीही तयार होतात. वेळेला एवढी किंमत आहे. रक्ताच्या प्रवाहाचाही वाटा आहे. हृदय न धडधडणाऱ्या झेब्राफिशमध्ये या पेशी फार कमी होतात, आणि नायट्रिक ऑक्साइड देणारं रसायन घातलं तर काही अंशी परत येतात. ते २००९ चं काम.

आणि संख्येचा अंदाज ठेवा. उंदराच्या साडेअकरा दिवसांच्या भ्रूणात या अख्ख्या भागात प्रत्यारोपण करून सापडणारी मूळपेशी साधारण एक असते. पुंजक्यांतल्या पेशी मात्र शेकड्यांनी. म्हणून पुंजका म्हणजे मूळपेशी असं समीकरण मांडू नका.

अंडेवाली_ताई

मी फक्त अंड्यांबद्दल बोलते, कारण ३६ तासांचा गोंधळ तिथलाच आहे.

कोंबडीचं भ्रूण साधारण २०-२१ अंशांच्या वर गेलं की हळूहळू वाढायला लागतं. मुंबईत ओट्यावर दोन दिवस म्हणजे ३० अंशांत दोन दिवस. तुमचा शून्य तास इन्क्युबेटरचं दार लावल्यावर सुरू झालाच नाही, तो लोकलमध्येच सुरू झाला. आणि प्रत्येक अंड्याचा वेगळा, कारण अंडी एकाच वेळी घातलेली नव्हती. अर्धवट वाढून थांबलेली काही मरतात. तुमची दोन तशीच गेली असणार.

अंडी आणताना थर्माकोलच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या थंड बाटल्यांबरोबर आणा. बाटली अंड्याला टेकू देऊ नका. साठवण १३ ते १६ अंशांत, रुंद टोक वर, जास्तीत जास्त सात दिवस. घरचा फ्रिज ४ अंशांचा असतो, तो नको. काढल्यावर थेट इन्क्युबेटरमध्येही नको: पावसाळ्याच्या हवेत थंड अंड्याला घाम येतो आणि त्या ओलीतून कवचाच्या छिद्रांवाटे जंतू आत जातात. एसीच्या खोलीत दोनेक तास कोमट होऊ द्या.

इन्क्युबेटरचा आकडा दारावरचा वाचू नका, थर्मामीटर अंड्याच्या उंचीला ठेवा. पहिल्या तीन दिवसांत आर्द्रतेपेक्षा तापमान महत्त्वाचं. बाहेर ८५% दमटपणा असला तरी आत हवा तापली की कोरडी होते, तेव्हा पाण्याचा ट्रे हवाच.

बाजारातली पांढरी अंडी मात्र विसरा. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांबरोबर कोंबडा नसतो, ती फलित नसतातच. गावठी म्हणून मिळतात ती फलित असू शकतात, पण घालण्याची तारीख कोणी सांगत नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून बघा.

पॅराफिन_५८

कापांकडे येऊ. तुमचे वरचे, मधले पुंजके मूळपेशींशी संबंधित नाहीत, त्या साकळलेल्या लाल पेशी आहेत. पक्ष्यांच्या लाल पेशीला केंद्रक असतं हे इथे नडतं. आपल्या रक्ताचा काप असता तर केंद्रक नाही एवढ्यावर त्या बाजूला काढता आल्या असत्या.

फरक असा बघा. लाल पेशीचा पेशीरस इओसिनने गुलाबी-केशरी होतो, केंद्रक त्या मानाने लहान. खऱ्या पुंजक्यातली पेशी गोल, केंद्रकाने जवळजवळ भरलेली, पेशीरसाची नुसती निळसर कड. पुंजका महाधमनीच्या तळाला चिकटलेला असतो, पोटाच्या बाजूला, मध्यरेषेच्या थोडा डावी-उजवीकडे. सात मायक्रॉनचा काप असेल तर तोच पुंजका लागोपाठ दोन-चार कापांत त्याच जागी दिसला पाहिजे. पुढच्याच कापात सरकला किंवा नाहीसा झाला तर ती गाठ होती. त्यामुळे काप सलग ठेवा, एकही टाकू नका.

रक्त आधी काढलं असतंत तर अर्धा त्रास वाचला असता. भ्रूण कोंबडी-रिंगरमध्ये घ्या: लिटरला मीठ ७.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम, निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.१७ ग्रॅम, पीएच ७.४. हृदय धडधडत असतानाच पीतकाकडे जाणाऱ्या दोन्ही मोठ्या रक्तवाहिन्या छाटा. हृदय स्वतःच रक्त बाहेर ढकलतं. सुईने जोरात धुऊ नका, पुंजकेही निघून जातात. मग ताजं केलेलं ४% पॅराफॉर्माल्डिहाइड, ४ अंशांत रात्रभर.

शेवटच्या शुद्ध अल्कोहोलमध्ये इओसिनचा थेंब घाला, म्हणजे मेणात भ्रूण गुलाबी दिसतं आणि दिशा लावता येते. ७२ तासांचं भ्रूण कुशीवर वळलेलं आणि वाकलेलं असतं, दिशा चुकली की महाधमनी तिरकी कापली जाते आणि तळ कुठला तेच कळत नाही. नोटोकॉर्डच्या (भ्रूणाच्या पाठीतल्या आधारदांड्याच्या) खाली लगेच महाधमनी, ही खूण धरा. भाग पंखाच्या आणि पायाच्या कळीच्या मधला घ्या. डोक्याकडे महाधमनी जोडीची असते, तिथे शोधू नका.

कलिना_बाक_तिसरं

आभार. आता तीन प्रश्न. एक, ७२ तास बरोबर आहेत का? दोन, भ्रूण कवचात न ठेवता फिल्टर कागदावर बाहेर वाढवलं तर चालेल? तीन, रक्तबेटं स्पष्ट रंगवायची आहेत, बेन्झिडीन (हिमोग्लोबिन रंगवणारं रसायन) बाटलीत पडून आहे.

धमनीचा_तळ

तास धरू नका, टप्पा धरा. हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या १९५१ च्या तक्त्यातला (कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीचे टप्पे) १९ ते २१ टप्पा घ्या. २० ला डोळ्यात रंगाची पुसट छटा येते, ती सोपी खूण. १७ च्या भ्रूणात पुंजका नाही म्हणून निराश होऊ नका, तो तुमचा नियंत्रण नमुना. तोच शेजारी लावा.

फिल्टर कागदाच्या पद्धतीत भ्रूण साधारण १७ व्या टप्प्यापर्यंतच नीट वाढतं. म्हणजे नेमकं हवं त्याच्या आधी थांबतं. कवचातच वाढवा. खिडकी पाडायची तर अंडं आडवं, वर पेन्सिलची खूण, रुंद टोकातून १८ नंबरच्या सुईने २-३ मिलि पांढरा बलक काढा, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली बसतं. हे न करता कापलंत तर कात्री भ्रूणातच जाते. सेलोटेपने बंद करा.

यकृताचा बेत मात्र सोडा. सस्तन प्राण्यांत यकृत हा मोठा मुक्काम आहे, तुमच्या डोक्यात उंदराचं चित्र आहे. पक्ष्यांत यकृत ते काम करत नाही. सातव्या दिवशी काप घ्यायचेच तर महाधमनीच्या खालच्या सैल ऊतीत घ्या, सहाव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास तिथे रक्तपेशींचे झुबके असतात.

पॅराफिन_५८

बेन्झिडीन कॅन्सरकारक आहे. बाटली उघडू नका, विभागाच्या घातक कचऱ्यात द्या. ऑर्थो-डायअनिसिडीन वापरा. तेही संशयित आहे, तेव्हा हातमोजे आणि फ्यूम हूड हवेच.

१० मिलिसाठी: इथेनॉलमधलं १.५ मिग्रॅ प्रति मिलि द्रावण ४ मिलि, ०.१ मोलर सोडियम ॲसिटेट पीएच ४.५ चं १ मिलि, पाणी ४.८ मिलि, ३०% हायड्रोजन पेरॉक्साइड २०० मायक्रोलिटर, हे अगदी शेवटी. भ्रूण फिक्स न करता १५ मिनिटं अंधारात, मग धुऊन फिक्स. ३६ ते ४० तासांच्या भ्रूणात मागच्या टोकाभोवती घोड्याच्या नालेसारखी तपकिरी कमान उठते. रंगच आला नाही तर पहिला संशय पेरॉक्साइडवर घ्या. उन्हाळाभर कपाटात राहिलेली बाटली बहुतेक वेळा गेलेली असते.

शंकासुर

मग शीर्षकात मूळपेशी लिहायचं की नाही?

धमनीचा_तळ

चित्राखाली 'महाधमनीच्या तळावरील रक्तनिर्मिती पुंजका, टप्पा २०' असं लिहा. मूळपेशी म्हणायला दुसऱ्या प्राण्यात घालून महिनोन् महिने सगळ्या जातींचं रक्त बनतं का ते पाहावं लागतं; उंदरात किमान १६ आठवडे. हिमॅटॉक्सिलिनच्या कापावरून परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

आणखी एक. प्रतिपिंड मागवणार असाल तर क्यूएच१ मागवू नका. ते लाव्ह्याच्या पेशींना लागतं, कोंबडीच्या नाही. कोंबडीच्या सीडी४५ चं स्वतंत्र मिळतं, पण पॅराफिनवर चालेलच असं नाही, विकणाऱ्याच्या माहितीपत्रात गोठवलेल्या कापांवर तपासलंय का ते आधी वाचा.