ईरी सरोवराकाठचे घर घ्यावे का?

दादा (लंडन, ओंटारिओ, कॅनडा): सर्वांना नमस्कार. कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या ईरी सरोवराच्या उत्तर काठावर, चॅथम-केंट भागात, आम्हांला एक जुने कॉटेज आवडले आहे. आम्ही पाहायला गेलो त्या दिवशी पाणी अगदी संथ होते आणि ओट्यापासून चांगले दीड मीटर खाली होते. शुक्रवारपर्यंत ऑफर द्यायची आहे, त्याआधी सर्वांचे मत हवे.

काका (सांगली): आम्ही कृष्णाकाठची माणसे. कोयनेतून किती पाणी सोडले आणि आयर्विन पुलाशी पातळी 45 फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे चालली आहे का, एवढे पाहून आम्ही सामान माळ्यावर चढवतो. पण सरोवराला वरून पाणी सोडणारे धरण नाही, मग एवढ्या मोठ्या सरोवराला अचानक पूर कसा येईल?

ताई (टोरांटो): काका, तिथे पाऊस नसतानाही पूर येतो, कारण तो वारा आणतो. ईरी सुमारे 388 किलोमीटर लांब असून त्याची सरासरी खोली जेमतेम 19 मीटर आहे, आणि पश्चिमेकडचा भाग तर त्याहूनही बराच उथळ आहे. नैर्ऋत्येचा जोरदार वारा या लांबीच्या दिशेने तासन् तास वाहिला की तो पाणी पूर्वेकडे लोटत नेतो. उथळ पाण्याला तळाशी परत फिरायला पुरेशी वाट मिळत नाही, म्हणून पूर्व टोकाच्या बफेलोला पातळी चढते आणि त्याच वेळी पश्चिम टोकाच्या टोलेडोला तळ उघडा पडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पाण्यावरचा त्याचा रेटा सुमारे चौपट होतो. वारा पडल्यावर हे पाणी परत येते आणि परातीतल्या पाण्यासारखे हेलकावत राहते. एका हेलकाव्याला साधारण 14 तास लागतात. 1844 च्या ऑक्टोबरमध्ये अशाच लोंढ्याने बफेलोत रात्री सत्तरहून अधिक माणसे दगावली.

दादा, तू पाहिलेले दीड मीटर हे संथ दिवसाचे आहे. त्यातून आधी भरलेल्या वर्षी सरोवराची पातळी आजच्यापेक्षा जितकी वर असते तेवढी वाढ, मग वाऱ्याने चढणारे पाणी आणि शेवटी काठावर उसळणारी लाट वजा कर. 2019 आणि 2020 मध्ये पातळी मुळातच फार वर होती. तुझ्या याच भागात, ईरी शोअर ड्राइव्हवर, रस्ता ज्या बांधावरून जातो तो 2020 च्या फेब्रुवारीअखेरीस लाटांनी धोक्यात आला, आणीबाणी जाहीर झाली आणि रहिवाशांना घरे सोडावी लागली. बांधामागची शेतजमीन सखल आहे, त्यामुळे प्रश्न केवळ काठावरच्या घरांपुरता नव्हता.

वहिनी: मग थोडे पूर्वेला, उंच मातीच्या कड्यावरचे घर पाहिले तर? तिथे पाणी पोहोचणार नाही.

ताई: वहिनी, पाणी पोहोचणार नाही, पण काठच घराकडे सरकत येईल, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पूर ओसरतो, खचलेली जमीन परत येत नाही. लाटा कड्याचा पायथा कोरतात, वरून मुरलेले पाणी माती सैल करते आणि एके दिवशी कड उतरते. पोर्ट बरवेलच्या परिसरात कडा वर्षाला मीटरभर आणि काही ठिकाणी त्याहून अधिक मागे हटतो. पूर्वी हिवाळ्यात काठावरचा बर्फ लाटा अडवत असे. आता बर्फ कमी धरतो त्या वर्षी हिवाळी वादळे थेट मातीवर आदळतात.

दादा: एजंट म्हणतो की समोर काँक्रीटची भिंत बांधून घेता येईल.

ताई: बांधता येईल, पण भिंतीवर आपटलेली लाट खालची वाळू ओढून नेते, त्यामुळे भिंतीचा पाया उघडा पडतो आणि शेजाऱ्याच्या काठाला मिळणारी वाळूही तुटते. भिंतीसाठी कॉन्झर्व्हेशन अथॉरिटीचा, म्हणजे पूर आणि धूप यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्थानिक सार्वजनिक संस्थेचा, परवाना लागतो. शिवाय साधा घरविमा काठ खचल्याची भरपाई सहसा देत नाही. हे पॉलिसीत स्वतः वाच, एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस.

काका: ऑफर देऊच नका असे मी म्हणत नाही, पण शुक्रवारची घाई मला पटत नाही.

दादा: काका, पटले. उद्या कॉन्झर्व्हेशन अथॉरिटीकडे त्या प्लॉटची पूररेषा, धूपरेषा (काठ कुठवर खचू शकतो ती रेषा) आणि जुनी हवाई छायाचित्रे मागतो. ती मिळेपर्यंत ऑफर देत नाही, आणि नैर्ऋत्येचा जोरदार वारा असेल त्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा तिथे जाऊन येतो.