माजी विद्यार्थ्यांचं जाळं परदेशात खरंच कामाला येतं का?

नवी_पाटी:
मंडळी, गेल्या वर्षी जलशास्त्रात एम.एस्सी. झाले. पुढची काही वर्षं एका देशात बूड टेकवून न बसता फिरत काम करायचा विचार आहे. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी संघाची ईमेल्स येत असतात: अमका सिंगापूरला, तमकी कोपनहेगनला, मेळाव्यातले हसरे फोटो आणि तळाशी देणगीचं बटण. यातून कुणाला काम, घर, निदान धड सल्ला तरी मिळालाय का? की नुसती मिरवायची यादी? "नेटवर्किंग वाढव" एवढं सोडून काहीही सांगा.

गाळउपसा:
मी बंदरांतला गाळ उपसायच्या कामात आहे. बंदर बदललं की देश बदलतो, त्यामुळे या यादीशी बराच संबंध आला. तिच्यातून नोकरी मिळेल ही आशा सोडा. माहिती मात्र मिळते, आणि तीही कंपनीच्या जाहिरातीत किंवा दूतावासाच्या संकेतस्थळावर न सापडणारी.

रॉटरडॅमला जायचं ठरलं तेव्हा आमच्याच विभागातून तिकडे गेलेल्या एका बाईंना मी लिहिलं. ओळख शून्य. "मार्गदर्शन कराल का" असलं काही विचारलं नाही. विचारलं एवढंच, की खोली बघताना घरमालकाकडून नेमकं काय कबूल करून घ्यायचं? त्याच दिवशी उत्तर आलं: त्या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवू देतो का ते विचारा. नाही म्हणाला तर खोली कितीही स्वस्त असो, घेऊ नका. कारण नेदरलँड्समध्ये राहायला जाणाऱ्याला पत्त्याच्या नोंदणीतून बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो आणि तो नसला की बँक, पगार, विमा सगळंच अडतं. दोन ओळींचं उत्तर, पण ते आधी कळलं म्हणून निभावलं.

अनोळखी माणूस दोन ओळींत उत्तर देऊ शकेल असाच प्रश्न विचारा. "तिकडे स्कोप कसा आहे?" याला कुणी उत्तर देत नाही, मीही देत नाही.

माणसं संघाच्या मासिकात शोधू नका, तिथे फक्त सत्कारमूर्ती असतात. लिंक्डइनवर विद्यापीठाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा वेगळा टॅब असतो. तिथे कुठे राहतात, कुठे काम करतात, काय शिकले अशी चाळणी लावता येते. तुमच्यापुढे दोन-चार वर्षं असलेले निवडा. वीस वर्षांपूर्वी गेलेल्यांचा सल्ला प्रेमाचा असतो, पण त्यांच्या वेळचे व्हिसाचे नियम आता उरलेले नाहीत.

अवांतर: देणगीच्या बटणावर फार चिडू नका. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ १८२१ चा, जुन्यात जुन्यांपैकी. त्या वर्षी कॉलेजचे अध्यक्षच काही विद्यार्थ्यांना घेऊन ॲम्हर्स्टला निघून गेले. कॉलेज बुडायची वेळ आली, म्हणून जुने विद्यार्थी एकत्र जमले. थोडक्यात, हा सगळा खटाटोप संस्था तगावी म्हणून सुरू झाला. तुमच्याआमच्या खोल्या शोधणं त्यात कधीच नव्हतं.

शिक्कामोर्तब:
वरच्याशी सहमत, पण माणसं शोधायच्या आधी पदवीवरची तारीख बघा. काही देश नोकरी हातात नसतानाही येऊ देतात, पण मुदत त्या तारखेपासून मोजतात. ब्रिटनचा हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसा (मे २०२२ पासून) पदवीनंतर ५ वर्षांच्या आत मागावा लागतो, आणि पदवी मिळाली त्या वर्षीच्या ब्रिटन सरकारच्या नावाजलेल्या विद्यापीठांच्या यादीत तुमचं विद्यापीठ असावं लागतं. आज आहे की नाही, हा प्रश्नच नसतो. नेदरलँड्सचा नोकरी शोधायचा एक वर्षाचा परवाना ३ वर्षांच्या आत. जपानच्या जे-फाइंड या तशाच व्हिसालाही ५ वर्षं. नवी_पाटी, तुमच्या हातात अजून वेळ आहे. तीन वर्षं "आधी अनुभव घेऊ" म्हणत बसलात तर डच दार बंद.

दुसरं, ॲपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. १९६१ च्या हेग करारातल्या बहुतेक देशांत तो एक शिक्का पुरतो, पण तो पदवी ज्या देशाची, तिथेच मिळतो. परदेशात बसून टपालाने करायचा म्हणजे डोक्याला ताप. चीन नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडा जानेवारी २०२४ पासून या करारात आलेत, त्यामुळे जुन्या धाग्यांवरचे या दोन देशांचे सल्ले वाचूच नका.

यादीबाहेरचा:
शिक्कामोर्तब, हे सगळं नावाजलेल्या विद्यापीठांचं झालं. आमचं विद्यापीठ कुठल्याच क्रमवारीत नाही, आणि माजी विद्यार्थी संघ म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात वाढदिवसाचे केक सोडून काही येत नाही. तरी मी जर्मनीत आहे. इथे क्रमवारी कुणी विचारत नाही. 'अनाबिन' नावाची सरकारी माहितीपेढी आहे, तिच्यात संस्थेपुढे एच प्लस असं दिसलं की संस्था मान्य. मग पदवीची नोंद बघायची. जून २०२४ पासून नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी चान्सनकार्ट हा परवानाही आहे: स्वतःच्या देशात मान्य असलेली पदवी, थोडं जर्मन किंवा बऱ्यापैकी इंग्रजी, खर्चापुरते पैसे, आणि वय-अनुभव वगैरेंचे मिळून किमान ६ गुण.

आणि त्याच केकवाल्या ग्रुपवर मी एकदा विचारलं की अनाबिनमध्ये आपल्या विद्यापीठाचं नाव कुठल्या स्पेलिंगने आहे. पाच वर्षं गप्प असलेल्या एकाने स्क्रीनशॉट टाकला!

नवी_पाटी:
आभार सगळ्यांचे. अनाबिन बघितलं, आमचं एच प्लस आहे. आणखी एक विचारते. मधल्या काळात पर्यटक व्हिसावर युरोपात फिरत लॅपटॉपवर थोडं काम केलं तर? आमच्या संघाच्या मासिकात एकाची तशी मुलाखत आलीय, फोटो लिस्बनचा.

गाळउपसा:
फोटोत व्हिसा दिसत नाही. शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि तेही सगळ्या देशांचे मिळून. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. पर्यटक व्हिसा काम करायला नसतोच. पगार दुसऱ्या देशातून येतो म्हणून चालतं, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, पण सीमेवर ते तुमच्या शेजारी उभे नसतात. लॅपटॉपवालं काम करायचंच असेल तर त्यासाठीचे वेगळे परवाने एस्टोनियाने २०२० पासून आणि पोर्तुगालने २०२२ पासून सुरू केलेत. दोन्हीकडे ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं, ते आधी तपासा.

मुलाखतीतल्या त्या माणसालाच लिहा ना. कुठल्या परवान्यावर होता, एवढंच विचारा.

शिक्कामोर्तब:
आणि विद्यापीठाचा ईमेल पत्ता बंद व्हायच्या आत गुणपत्रकांचे सीलबंद संच जास्तीचे मागवून ठेवा. आमच्याकडे पत्ता बंद झाला की पोर्टलही बंद.